टीमच नाही तर लीडरशिपचा अनुभव काय सांगायचा? (इंटरव्ह्यूत बोलती बंद झाली)

लेजरवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायची पाळी आली.

मी अकाउंट्समध्ये आहे, सहा वर्षं झाली, पेएबल्स बघते म्हणजे व्हेंडरची बिलं तपासायची, एंट्री मारायची, पेमेंट लावायचं. हाताखाली कोणी नाही, निदान कागदावर तरी नाही. मागच्या आठवड्यात एका कंपनीत टीम लीडच्या जागेसाठी इंटरव्ह्यू दिला. कामाचे प्रश्न झकास गेले, रिकन्सिलिएशन, प्रोव्हिजन सगळं फाडफाड सांगितलं. मग समोरच्या मॅडमनी विचारलं की एखादा प्रसंग सांगा जिथे तुम्ही पुढाकार घेऊन लोकांना सोबत नेलंत. मी आपली पटकन म्हणाले, मॅडम मला अजून टीम मिळालेली नाही. त्या म्हणाल्या बरं, मग टीम नसताना? आणि मी जे बोलले ते आठवलं की अजून कानशिलं तापतात, "मी सगळ्यांना मदत करते, मी चांगली टीम प्लेअर आहे." त्यांनी कागदावर काहीतरी एकच शब्द लिहिला आणि पुढच्या प्रश्नावर गेल्या. दोन दिवसांनी नकाराचा मेल.

आता पुढच्या आठवड्यात दुसरीकडे आहे, जागा तशीच. एक मैत्रीण म्हणते सरळ ठोकून दे की चार जणांची टीम सांभाळली, कोण तपासायला जातंय. मला ते जमेल असं वाटत नाही पण खरं सांगण्यासारखंही काही नाही. रिझ्युमेत "लीडरशिप स्किल्स" असं लिहिलंय, ते काढून टाकू का? आणि उत्तर मांडायची ती स्टार पद्धत का काय म्हणतात तिचा खरंच उपयोग होतो का कुणाला?

रात्रपाळी

ठोकून देऊ नकोस, हात जोडून सांगतो. मी केलंय ते. आठ जणांची टीम सांभाळली म्हणून सांगितलं, खरं तर मी फक्त ड्यूटीचा चार्ट लावायचो. समोरचा माणूस अगदी शांतपणे म्हणाला, छान, त्या आठातला तुम्हाला सगळ्यात जड गेलेला माणूस कोणता, आणि त्याच्याशी झालेलं एखादं अवघड बोलणं सांगा. नाव नको म्हणाला, नुसतं काय बोललात ते सांगा. मी अडीच मिनिटं जे काही बरळलो ते मला स्वतःलाच पटलं नाही. खोटं पहिल्या प्रश्नाला टिकतं गं, तिसऱ्याला नाही टिकत. आणि ते लोक तिसऱ्यापर्यंत जातातच.

जुना पॅनेलवाला

मी टेबलाच्या पलीकडे बरीच वर्षं बसलोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर मधलं सोडा.

पहिली गोष्ट, ताई, तुम्हाला टीम किती जणांची होती हे विचारलंच नव्हतं. प्रश्न नीट वाचा, "पुढाकार घेऊन लोकांना सोबत नेलंत". हे ऐकताना आम्ही मनात तीन गोष्टी शोधत असतो. काहीतरी अडलं होतं का, तुमच्याशिवाय ते तसंच पडून राहिलं असतं का, आणि जे लोक तुमचं ऐकायला बांधील नव्हते ते का ऐकले. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. हाताखालच्या माणसाला काम सांगणं सोपं असतं हो, त्याचं अप्रेझल तुमच्या हातात असतं. बरोबरीच्या माणसाला, किंवा दोन वर्षं सीनियर असलेल्याला, "हे थांबवूया" म्हणून पटवणं हे खरं अवघड, आणि टीम लीडचं अर्ध्याहून जास्त काम तेच असतं. त्यामुळे टीम नसलेल्या माणसाकडे कधी कधी टीम असलेल्यापेक्षा चांगले प्रसंग असतात, फक्त त्याला ते प्रसंग वाटत नाहीत, "रोजचंच काम" वाटतं.

दुसरं, "टीम प्लेअर आहे", "मल्टिटास्किंग जमतं", "लोकांना मोटिव्हेट करते" ही वाक्यं ऐकली की पेन आपोआप थांबतं. खोटी असतात म्हणून नाही, त्यातून लिहून घेण्यासारखं काही निघत नाही म्हणून. आमच्यासमोर बहुतेक वेळा एक शीट असते, प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच गुण, आणि कुठल्या गुणाला साधारण कसं उत्तर हे खाली लिहिलेलं असतं. विशेषणाला गुण देता येत नाहीत. "मी तिघांना कामं वाटून दिली आणि ती अशी अशी वाटली" याला देता येतात.

रिझ्युमेतलं "लीडरशिप स्किल्स" काढा. त्या जागी एक ओळ लिहा ज्यात क्रियापद आणि आकडा असेल.

आता तुम्ही एक करा. गेल्या दोन वर्षांत ऑफिसात कधी घाम फुटला होता ते आठवा आणि इथे लिहा, जसं घरी सांगाल तसं. उत्तर तयार करायला जाऊ नका.

सरळबोल

सगळं नाटक आहे. ज्याला बोलता येतं तो पास, ज्याला काम येतं तो नापास. मी स्वतः बघितलंय, आमच्याकडे एक जण इंटरव्ह्यूत असं काही बोलला की सगळे गार आणि जॉईन झाल्यावर साधा फॉलोअप करत नव्हता. प्रसंग सांगा म्हणे. गोष्टी सांगायची स्पर्धा आहे का ही. कामाची टेस्ट घ्या ना सरळ.

जुना पॅनेलवाला

सरळबोल, तुमचं अर्धं खरं आहे, आणि हे नुसतं माझं मत नाही. यावर खूप अभ्यास झालाय. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये आधीच्या ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून बघितलं, तर गप्पा मारत घेतलेल्या मोकळ्या इंटरव्ह्यूचा पुढच्या कामगिरीशी संबंध ०.३८ निघाला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण), आणि सगळ्यांना तेच प्रश्न, तेच गुण अशा आखलेल्या इंटरव्ह्यूचा ०.५१. नंतर २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच गणितं दुरुस्त केली तेव्हा दोन्ही आकडे खाली आले, आखलेल्याचा ०.४२ आणि मोकळ्याचा तर ०.१९. म्हणजे "गप्पा मस्त झाल्या, माणूस आवडला" यावर नोकरी देणं जवळपास अंदाजपंचेच. तुमच्याकडचा तो बोलका माणूस बहुतेक तसाच आत आला असणार.

प्रसंग विचारण्याची पद्धत त्यावरचा उपाय म्हणूनच आली. तिचं मूळ बरंच जुनं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलात वैमानिकांबद्दल माहिती जमवताना फ्लॅनागन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने "चांगला वैमानिक कसा असावा" असं न विचारता "अमुक वेळी त्याने नेमकं काय केलं" हे विचारायला सुरुवात केली, १९५४ मध्ये त्यांनी ते रीतसर मांडलं. पुढे १९८० च्या आसपास त्याचं इंटरव्ह्यूत रूपांतर झालं आणि दोन वाटा फुटल्या, एक "असं झालं तर काय कराल" आणि दुसरी "असं झालं तेव्हा काय केलंत". दोन्ही कानावर येतील, गोंधळ करू नका. पहिल्यात कल्पना चालते, दुसऱ्यात कल्पना केलीत तर रात्रपाळींसारखी फजिती.

कामाची टेस्ट घ्यावी हे मात्र शंभर टक्के मान्य. घेतातच जिथे जमतं तिथे. पण सीनियरशी वाद झाला तर तुम्ही कशा वागता याची टेस्ट कागदावर कशी घेणार?

रात्रपाळी

फजिती शब्द लागला पण बरोबर आहे 😅

लेजरवाली

घाम फुटलेला प्रसंग म्हणजे एकच आठवतो, पण त्यात लीडरशिप वगैरे काही नाही, सांगते तरी.

महिन्याचा शेवटचा दिवस. बँकेत जायची पेमेंट फाईल तयार होती, ३१२ एंट्री, चारच्या आत अपलोड करायची. आमचे सर रजेवर, फोन बंद. अडीचच्या सुमारास मी सहज स्क्रोल करत होते तर एका व्हेंडरची तीच रक्कम दोनदा दिसली. बिल नंबर बघितला तर एकात मध्ये हायफन आणि एकात नाही. म्हणजे बिल एकच, पण कुणीतरी एकदा हाताने टाकलं आणि एकदा स्कॅन होऊन आलं, सिस्टिमला दोन वेगळी बिलं वाटली. अजून खाली गेले तर तसंच दुसरं, तिसरं. पोटात गोळा आला. ती फाईल ज्यांनी बनवली ते माझ्यापेक्षा सीनियर, ते म्हणाले माझी फाईल आहे, अप्रूव्हल झालंय, आता हात लावायचा नाही, दुसऱ्या महिन्यात अ‍ॅडजस्ट करू. मी दोन मिनिटं गप्प बसले आणि मग उठून थेट फायनान्स हेडच्या केबिनमध्ये गेले, त्यांच्याशी मी आधी कधी गुड मॉर्निंगपलीकडे बोललेही नव्हते. म्हणाले फाईल थांबवा, पैसे दोनदा जातील. मग आम्ही तिघांनी बसून हायफन, स्पेस सगळं काढून टाकून रकमेवर जुळवून बघितलं, ४३ एंट्री संशयास्पद निघाल्या, त्या बाजूला काढून उरलेल्या २६९ ची फाईल तीन पन्नासला गेली. बस इतकंच. आणि हो, त्यातल्या दोन डुप्लिकेट नव्हत्याच, खरंच वेगळी बिलं होती, रक्कम योगायोगाने सारखी. त्या दोन व्हेंडरना पैसे उशिरा गेले आणि त्यांच्या शिव्या मीच खाल्ल्या.

रात्रपाळी

अगं बाई!! आणि म्हणे सांगण्यासारखं काही नाही. माझ्या आठ जणांच्या टीमपेक्षा हे भारी आहे. कंपनीचे पैसे वाचवलेस, सीनियरला अंगावर घेतलंस, अजून काय पाहिजे.

जुना पॅनेलवाला

हेच. आता हे मोडू नका, फक्त घासून घ्या. उद्यापर्यंत दोन मिनिटांत बोलता येईल असं लिहून टाका, मग बोलू.

लेजरवाली

लिहिलं, बघा बरं:

"महिनाअखेरीस पेमेंट प्रक्रियेदरम्यान काही डुप्लिकेट एंट्री निदर्शनास आल्या. सदर बाब वरिष्ठांच्या लक्षात आणून देण्यात आली. त्यानंतर टीमच्या सहकार्याने तपासणी करण्यात आली व वेळेत फाईल अपलोड करण्यात आली. यातून टीमवर्क आणि लीडरशिपचं महत्त्व कळलं."

जुना पॅनेलवाला

अहो ताई, हे काय केलंत! काल किती जिवंत लिहिलं होतं. हे वाचून मला कळतच नाही की तुम्ही त्या खोलीत होतात की नाही. निदर्शनास कुणाच्या आल्या? लक्षात कुणी आणून दिलं? तपासणी कुणी केली? "करण्यात आली" हा आपला ऑफिसचा रोगच आहे, सर्क्युलर वाचून वाचून अंगात मुरलाय, आणि वर लहानपणापासून "मी मी करू नये" हे बिंबवलेलं. संस्कार चांगलाच आहे, पण इंटरव्ह्यूत समोरच्याला गुण तुम्हाला द्यायचेत, "करण्यात आली" ला नाही.

मी म्हणायला लाज वाटत असेल तर निदान एवढं करा, ठरवलं कुणी हे सांगताना मी म्हणा आणि राबलं कोण हे सांगताना आम्ही. "मी केबिनमध्ये गेले", "मी म्हणाले थांबवा", "आम्ही तिघांनी बसून जुळवलं". यात कुणाचं श्रेय ओढल्यासारखं होत नाही. उलट सगळीकडे मी मी केलंत तरी संशय येतो, एकटीने ३१२ एंट्री तपासल्यात का असा प्रश्न येणार.

मग दोन गोष्टी तुम्ही कालही गाळल्यात त्या सांगा. एक, तिघांत काम कसं वाटलंत? दोन, नंतर काय केलंत? आणि तो "महत्त्व कळलं" वाला शेवट काढून टाका प्लीज.

लेजरवाली

हाहा, खरंच सर्क्युलर झालंय. वाटलं असं, व्हेंडरच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून तीन भाग केले, पण मी मुद्दाम सगळ्यात मोठा भाग त्या सीनियर दादांनाच दिला कारण त्यांना व्हेंडर तोंडपाठ आहेत, आणि म्हटलं तुम्हीच पटकन ओळखाल. आधी ते फुगून बसले होते, मग पहिली दहा निघाल्यावर स्वतःच खुर्ची ओढून बसले. नंतर मी एक साधी एक्सेल शीट केली, नंबरमधली चिन्हं काढून, व्हेंडर आणि रक्कम जुळवून लाल करते. दर महिन्याला अपलोडच्या आदल्या दिवशी चालवतो आम्ही. त्या दोन चुकल्या ना, म्हणून आता लाल झालेली एंट्री लगेच बाजूला नाही काढत, आधी मूळ बिलाची तारीख बघतो.

जुना पॅनेलवाला

"मोठा भाग मुद्दाम त्यांनाच दिला." या एका वाक्यावर मी चार दिले असते. आणि चुकलेल्या दोन लपवू नका, स्वतःहून सांगा. "अपयशाचा प्रसंग सांगा" म्हणून वेगळा प्रश्न येतो बऱ्याचदा, तिथे लोक "मी फार परफेक्शनिस्ट आहे" असलं काहीतरी सांगतात आणि आम्ही एकमेकांकडे बघतो. तुमच्याकडे खरी चूक आहे, तिचा फटका कुणाला बसला ते आहे आणि त्यानंतर काय बदललं तेही आहे.

स्टारबद्दल विचारलं होतंत ते राहिलंच. सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट. उपयोग होतो, पण लोक सगळा वेळ सिच्युएशनमध्ये घालवतात. कंपनी काय करते, सिस्टिम कुठली, डिपार्टमेंट किती, इथेच दीड मिनिट. तुमची सिच्युएशन चार वाक्यांत संपते, महिनाअखेर, चारची वेळ, सर रजेवर, बिल दोनदा. पुढचा सगळा वेळ तुम्ही काय केलंत यावर घालवा. आणि पाठ करू नका हो, पाठ केलेलं मध्येच कुणी थांबवलं की पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

पहिलीचनोकरी

मध्येच घुसतोय सॉरी. मी तर फ्रेशर आहे, माझ्याकडे असा ऑफिसचा प्रसंगच नाही. कॉलेजच्या फेस्टचं सांगितलं तर चालतं का? "कमिटी हेड होतो" एवढंच आहे रिझ्युमेत.

रात्रपाळी

चालतं की. पण हेड होतो यावर थांबू नको. फेस्टच्या आदल्या रात्री काय बोंबललं ते सांग. काहीतरी बोंबलतंच.

सरळबोल

प्रोजेक्टमध्ये एक जण काहीच काम करत नाही तो प्रसंग प्रत्येक फ्रेशरकडे असतो, तो सांग. फक्त त्याची चुगली करू नको, तू काय केलंस ते सांग. (हो, मी नाटक म्हणालो होतो, पण भाग घ्यायचाच असेल तर नीट घ्यावा.)

मीटिंगग्रस्त

एक भर घालतो. मोठ्या कंपन्यांत जाणार असाल तर त्यांची तत्त्वं वाचून जा. अ‍ॅमेझॉनची सोळा लीडरशिप प्रिन्सिपल्स आहेत, आधी चौदा होती, २०२१ मध्ये दोन वाढली, वेबसाईटवर उघड आहेत, आणि त्यांचे इंटरव्ह्यूतले प्रश्न त्यांच्याच भोवती फिरतात. गंमत म्हणजे ती मॅनेजरपुरती नाहीत, नुकताच लागलेल्यालाही तीच. त्यातलं एक साधारण असं आहे की पटत नसेल तर ठामपणे बोला, पण एकदा ठरलं की मनापासून साथ द्या. लेजरवाली ताईंचा प्रसंग पहिल्या अर्ध्यात चपखल बसतो. दुसऱ्या अर्ध्यासाठी एखादा वेगळा शोधून ठेवा, जिथे तुमचं ऐकलं नाही आणि तरी तुम्ही नीट काम केलंत. एकाच प्रसंगावर चार प्रश्न मारून नेता येत नाहीत, समोरचे कंटाळतात. तीन-चार तरी हाताशी हवेत.

लेजरवाली

ऐकलं नाही आणि तरी काम केलं, असे तर ढीगभर आहेत 😂 शोधते.

लेजरवाली

अपडेट. काल झाला इंटरव्ह्यू.

प्रश्न आला, पण वेगळ्या शब्दांत, "अधिकार नसताना कुणाला तरी थांबवावं लागलं असा प्रसंग आहे का". मला एकदम हसूच आलं. सांगितलं, मी-आम्ही सांभाळून, बऱ्यापैकी. एकदा "निदर्शनास आलं" तोंडातून गेलंच, मग "म्हणजे मला दिसलं" म्हणून सुधारलं. मग एका सरांनी विचारलं की ते सीनियर अजून बोलतात का तुमच्याशी. हा प्रश्न मी धरलाच नव्हता. खरं ते सांगितलं की महिनाभर नाही बोलले, कामापुरतंच. मीच एक दिवस जाऊन म्हटलं की तुम्हाला आधी नीट सांगायला हवं होतं, तुमच्यासमोरून उठून थेट केबिनमध्ये गेले ते तुम्हाला लागलं असणार. आता ती शीट तेच चालवतात आणि मी विसरले तर मलाच ओरडतात. यावर त्या सरांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. चांगलं का वाईट देव जाणे. उत्तर पुढच्या आठवड्यात कळवणार आहेत.

जुना पॅनेलवाला

सहसा वाईट बराच वेळ लिहीत नाहीत. पण माझ्यावर विसंबून पेढे वाटू नका.

रात्रपाळी

हायफनबद्दल काही विचारलं का? मला अजून तो हायफनच आठवतोय.

लेजरवाली

विचारलं ना! सगळ्यात जास्त वेळ त्यावरच गेला. शेवटी ते सर पॅनेलमधल्या दुसऱ्या मॅडमकडे वळून म्हणाले, "आपल्याकडे हायफन नाही, स्लॅश आहे." आणि मॅडमनी डोक्याला हात लावला.